न मोजलेला आकडा

यंदा वळवाच्या पावसात वीज कडाडली की माझी झोप उडायची. कल्याणमधल्या एका सोसायटीच्या गच्चीवर आम्ही सोलर पॅनल बसवले होते. त्या कामाच्या फॉर्मवर, अर्थिंगच्या रकान्यात, मी स्वतःच्या हाताने ‘३.२ ओहम’ असं लिहिलं होतं. तो आकडा मी मोजलेला नव्हता.

आमचं घर डोंबिवलीत. बाबांची सगळी नोकरी एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत गेली. तिथे २६ मे २०१६ला स्फोट झाला, पुन्हा २३ मे २०२४ला झाला. दुसऱ्या वेळी बाबा एवढंच म्हणाले, “तू या धंद्यात येऊ नकोस.” मी आयटीआय करून इलेक्ट्रिशियन झालो होतो. सोलर बसवायला आणि दुरुस्त करायला शिकवणारा ‘सूर्यमित्र’ हा सहाशे तासांचा सरकारी कार्यक्रम २०१५पासून आहे. त्याच धर्तीचा, पण छोटा कोर्स मी ठाण्यात केला. फेब्रुवारी २०२४मध्ये पीएम सूर्यघर योजना आली होती. एक कोटी घरांचं उद्दिष्ट आणि एका घराला ७८ हजारांपर्यंत अनुदान, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. आई शेजारणींना सांगायची, पोरगा पर्यावरणाचं काम करतो.

कोर्सला सर बोलायचे कमी, हातात पाना द्यायचे जास्त. अर्थिंग शिकवायला त्यांनी दोन दिवस घेतले. पॅनलच्या लोखंडी सांगाड्यात वीज उतरली तर ती माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावी, एवढंच त्याचं काम. खड्डा खणायचा, इलेक्ट्रोड उभा करायचा, भोवती पावडर आणि माती दाबायची. मग ठरलेल्या अंतरावर दोन खुंट्या ठोकून टेस्टर लावायचा. आकडा पाच ओहमच्या आत यायला हवा. माझा अकरा आला. सरांनी खड्डा पुन्हा करायला लावला. म्हणाले, “पॅनल सगळ्यांना दिसतं. हे कुणाला दिसत नाही, म्हणून हे आधी.”

कल्याणच्या त्या साइटवर तीन खड्डे हवे होते. दोन झाले. तिसऱ्यासाठी पार्किंगमधले पेव्हर उखडावे लागणार होते. सुपरवायझर म्हणाला, “बिल्डिंगच्या जुन्या अर्थिंगला जोडून टाक. आकडा लिही, संध्याकाळी दुसरी साइट आहे.” मी जोडलं. मी लिहिलं.

नंतर मी स्वतःला बरीच कारणं दिली. वरून सांगितलं होतं. महिना भरायचा होता. पण सगळ्यात सोयीचं कारण वेगळंच होतं: मी निदान धूर तर सोडत नाही! एवढं चांगलं काम करतोय, त्यात एक खड्डा राहिला तर काय बिघडलं? हे कारण मला बाबांच्या कंपनीत मिळालं नसतं. कामाला ‘हरित’ म्हटलं की पुण्याचं एक खातं उघडतं आणि आपण त्यावर उधारी करायला लागतो.

त्या गच्चीमुळे कोळसा वाचतो, हे खरंच आहे. पण तिथे पापड वाळत घालणाऱ्या बाईचा हात सांगाड्याला लागला, तर तो वाचलेला कोळसा तिच्या कामाचा नाही. हवेचा हिशेब वेगळा, तिचा हिशेब वेगळा. एकातली जमा दुसऱ्यात वळती होत नाही.

गांधीजींनी १९३७मध्ये वर्ध्याला नई तालीम मांडली. हाताने काम करत शिकलं की माणूसही घडतो, असा तिच्यामागचा विश्वास. मला तो पूर्ण पटत नाही. खड्डा खणायला शिकलेल्या हातानेच मी खोटा आकडा लिहिला, आणि अक्षरही चांगलं आलं. पण हाताने शिकल्यामुळे एक गोष्ट मात्र होते. ‘मला माहीत नव्हतं’ हे कारण आपल्याकडून काढून घेतलं जातं. माझ्या बरोबरचा एक मुलगा कोर्स न करताच कामाला लागला होता. तोही असेच आकडे लिहायचा आणि शांत झोपायचा. मला अकरा म्हणजे काय ते माहीत होतं.

मग दोष माझाच? नाही. घाई करायला लावणाऱ्याचा दोष मोठाच. माझा त्याच्याहून लहान, पण शून्य नाही. आणि जे आम्हाला शिकवतात त्यांनी नाही म्हणायलाही शिकवावं, नाही म्हणणाऱ्याची रोजी जाणार नाही अशी सोय सरकारनं करावी. नाहीतर प्रशिक्षणातून हाती फक्त सर्टिफिकेट आणि अपराधीपणा येतो.

मे महिन्यात मी सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन केला. ते आधी भडकले, मग म्हणाले, “आता काय करायचं ते सांग.” सरांकडून टेस्टर मागून नेला. कशाला हवाय, हे त्यांनी विचारलं नाही. रविवारी मोजलं. जुन्या अर्थिंगचा आकडा आला ९.४.

त्या आठवड्यातच माझं काम सुटलं. बाबा काही बोलले नाहीत, पण पुढच्या रविवारी पहार घेऊन माझ्याबरोबर कल्याणला आले. दोघांनी मिळून पेव्हर उखडले.

नव्या खड्ड्याचा आकडा ३.८ आला. ३.२पेक्षा जास्तच. तो लिहिला आणि खाली सही केली.