मुक्त कोडचे प्रामाण्य

लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली विद्यार्थिदशेत सुरू केलेली लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम आज जगभरच्या मोठ्या उद्योगांचे सर्व्हर चालवते. सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतले प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून तिच्यावरच चालते. तिचा कोड कोणीही वाचावा, बदलावा, इतरांना द्यावा. मात्र ज्या परवान्याखाली ती मिळते, तो परवानाच स्पष्ट सांगतो की तिला कसलीही हमी नाही. मग लोकांच्या ठेवींचे हिशेब आणि रुग्णांच्या नोंदी अशा प्रणालीच्या भरवशावर सोडणे नीतीला धरून आहे का? हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा नाही. कोणावर आणि कशाच्या बळावर विसंबावे, याचा विचार आपल्या दर्शनांनी फार पूर्वी केला आहे आणि तो इथे उपयोगी पडतो.

या दर्शनांपैकी मीमांसेचे अनुयायी, म्हणजे मीमांसक, ज्ञानाला स्वतःप्रमाण मानतात. दोष दिसेपर्यंत ते खरेच धरायचे. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांना, हे पटत नाही. ज्ञानाचा खरेपणा त्याच्याबाहेरच्या कसोटीवर, विशेषतः त्यावर विसंबून केलेली कृती सफल होते की नाही यावर ठरतो, असे ते म्हणतात. दुसऱ्याचा शब्दही ते प्रमाण मानतात, पण सांगणारा आप्त हवा, म्हणजे वस्तू नीट जाणणारा आणि ती आहे तशी सांगू इच्छिणारा. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांना सारखेच लावले; अधिकार कुळावर ठेवला नाही. आज सर्व्हरच्या वादात दोन्ही पक्ष नकळत मीमांसकांच्या बाजूला जातात. एकाला कोड उघडा आहे एवढ्यावरच सुरक्षितता सिद्ध झाली असे वाटते, दुसऱ्याला नामांकित कंपनीचा शिक्का पुरतो. माझ्या मते उघड्या कोडला स्वतःचे असे प्रामाण्य नसते. त्याचे प्रामाण्य कोणालाही तपासता येते, हाच त्याचा खरा गुण. बंद कोडात ग्राहकाला ती वाटच मिळत नाही.

पहिला आक्षेप असा की वाचता येणारा कोड प्रत्यक्षात वाचतो कोण? आक्षेप खरा आहे. इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त सॉफ्टवेअरमधला हार्टब्लीड नावाचा दोष २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत शिरला आणि एप्रिल २०१४ मध्ये उघड झाला. दोन वर्षे तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. एक्सझेड या फाइली संकुचित करणाऱ्या मुक्त साधनाचे प्रकरण याहून गंभीर. एका अज्ञात व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ चोख काम करून प्रकल्पात विश्वास कमावला आणि मग २०२४ च्या सुरुवातीला त्यात चोरदरवाजा बसवला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या शंकेचा माग काढत अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तो पकडला आणि २९ मार्चला जाहीर केला. तोवर तो मुख्यतः चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंतच पोहोचला होता. आप्त म्हणून मान्य झालेला माणूस लबाड निघाला, हे यातले भय. पण त्या प्रकल्पाशी संबंध नसलेल्या माणसाला कोणाची परवानगी न मागता मुळापर्यंत जाता आले, हेही तितकेच खरे. दोन्ही घटनांचा निष्कर्ष एकच आहे: तपासण्याचा हक्क कोणी वापरला तरच त्याला अर्थ येतो.

दुसरा आक्षेप जबाबदारीचा. कंपनीशी करार असेल, तर जाब विचारायला कोणीतरी असते. म्हणूनच रेड हॅटसारख्या कंपन्या मुक्त प्रणालीसाठीच सशुल्क सेवा विकतात आणि ती घेण्यात काही गैर नाही. पण करारातून जाब मिळतो, ज्ञान मिळत नाही. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटच्याच छत्राखालच्या सेंटओएस ८ या मोफत लिनक्स आवृत्तीचा आधार २०२९ ऐवजी २०२१ अखेरच संपणार असे जाहीर झाले, तेव्हा असंख्य सर्व्हरचालक अडचणीत आले. कोड मुक्त असल्यामुळेच २०२१ मध्ये अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स हे पर्याय उभे राहू शकले. तिसरा आक्षेप युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या केन थॉम्पसनने १९८४ मध्येच मांडला होता: कोड निर्मळ असला, तरी तो यंत्राच्या भाषेत आणणारा कंपायलर दगा देऊ शकतो. तेव्हा संपूर्ण खात्री अशक्य आहे, हे मान्य. पण न्यायदर्शन अंतहीन शंकेची मागणी करत नाही. कारण असेल तिथे शंका घ्यावी आणि कसोटीने ती मिटवावी, एवढेच ते सांगते. एकाच कोडपासून वेगवेगळ्या लोकांनी स्वतंत्रपणे प्रोग्राम बांधून ते तंतोतंत जुळतात का हे पाहण्याचा डेबियन या लिनक्स प्रकल्पाचा प्रयत्न नेमका याच मार्गाचा आहे.

म्हणून मुक्त प्रणालीवर महत्त्वाचे सर्व्हर चालवणे नीतीला धरून आहे, पण एका अटीवर. एक्सझेडचा भार मुख्यतः एका थकलेल्या स्वयंसेवकावर होता आणि हल्लेखोराने तीच फट हेरली. ज्यांचा धंदा अशा लोकांच्या श्रमावर उभा आहे, त्यांनी लायसन्सवर वाचलेल्या पैशातला वाटा त्या प्रकल्पांना द्यावा, आपल्या अभियंत्यांचे काही तास परीक्षणासाठी राखून ठेवावेत आणि सापडलेले दोष उघडपणे कळवावेत. ज्या संस्था फक्त फुकट घेतात, त्यांना मुक्त कोडवर विश्वास ठेवण्याचा अधिकार अजून मिळालेला नाही.