सासूबाईंच्या घरी प्रभू येतो
(सामान्य काळातील पाचवा रविवार, वर्ष ब : मार्क १:२९-३९)



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू कफर्णहूमच्या सभास्थानातून निघून थेट शिमोन व आंद्रियाच्या घरी जातो. शिमोनाची सासू तापाने अंथरुणाला खिळलेली आहे. घरची माणसे लागलीच प्रभूला तिच्याविषयी सांगतात. तो जवळ जातो, हात धरून तिला उठवतो. ताप निघतो आणि ती सर्वांची सेवा करू लागते. अरण्यात देवदूतांनी प्रभूची केलेली सेवा सांगताना (मार्क १:१३) संत मार्क मूळ ग्रीक भाषेत जो शब्द वापरतो, तोच तो या सासूसाठी वापरतो. केवढा हा मान!

आपल्या घरांतही एक ताप असतो, तो थर्मामीटरला दिसत नाही. 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण आपल्याच अनुभवातून आली आहे. या तापाचे मूळ बहुधा भीतीत असते. वाढवलेला मुलगा आता आपला उरणार नाही, ही सासूची भीती. माहेर सोडून आले तरी या घरात आपण परकेच राहू, ही सुनेची भीती. दोघी घाबरलेल्या असतात आणि दोघी एकमेकींना कठोर समजतात.

जुन्या करारातील नामीकडे पाहू या. मवाब देशात तिचा नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले. उरल्या दोन परदेशी सुना. त्यांना पांढऱ्या पायाच्या न म्हणता तिने 'मुलींनो' अशी हाक मारली आणि माहेरी जाऊन नव्याने संसार थाटण्यास मोकळे केले. अर्पा रडत परतली. नामीने तिला दोष दिला नाही. रूथ मात्र सासूला बिलगून राहिली. पुढे बेथलेहेमात नामीनेच पुढाकार घेऊन या विधवा सुनेचा बवाजाशी विवाह घडवून आणला. त्यांचा मुलगा ओबेद नामीच्या मांडीवर वाढला. तो दावीद राजाचा आजोबा. सासूने सुनेला मोकळे केले म्हणून ही वंशावळ प्रभू येशूपर्यंत पोहोचली. आपल्या घरात तरुण विधवा सून असेल, तर तिच्या पुनर्विवाहाचा विषय आपण काढतो का? की लोक काय म्हणतील म्हणून गप्प बसतो?

२७ एप्रिल २०२२ रोजीच्या प्रबोधनात दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी नामी व रूथ यांच्यावरच चिंतन केले. सासूच्या म्हातारपणी तिला आनंद द्या, असे त्यांनी सांगितले आणि सासवांना जीभ सांभाळण्याचा प्रेमळ सल्लाही दिला.

या आठवड्यात आपण तीन गोष्टी करू या. सासूबाईंनी शेजारणीसमोर सुनेचे एक तरी कौतुक करावे. सुनेने कामावरून आल्यावर, दिवसभर नातवंडांमागे धावलेल्या सासूजवळ पाच मिनिटे बसावे. मुलाने इकडचे तिकडे सांगू नये आणि दोघींच्या भांडणात पेपरामागे तोंडही लपवू नये. शिमोनाच्या घरच्यांनी आजार झाकला नाही, प्रभूला सांगितला. संध्याकाळच्या रोझरीला एकत्र बसून आपणही सांगू या.

हे प्रभो, आमच्या घरात ये, आमचा हात धर आणि आमचा ताप उतरव. आमेन.