एकाच कुरणात सोडलेले घोडे

(मननासाठी शास्त्रभाग : निर्गम, अध्याय २१, वचने ३५ व ३६)



मोशेच्या द्वारे देवाने इस्राएल लोकांस जे नियम लावून दिले, त्यांत खून व चोरी ह्यांविषयी तर आज्ञा आहेतच. परंतु एकाच्या बैलाने दुसऱ्याच्या बैलास मारिले तर काय करावे, हेही तेथे लिहिलेले आहे. असल्या गोठ्यातील गोष्टीस पवित्र शास्त्रात जागा मिळावी ह्याचे आम्हांस पूर्वी नवल वाटत असे. गेल्या हिवाळ्यापासून वाटत नाही.

आमच्या ओळखीच्या एका खेड्यातील मंडळीत दोघे बंधु आहेत. त्यांनी मिळून एक पडीक शेत कुरणासाठी खंडाने घेतले होते. एकाची जुनी घोडी तेथे चरत असे. लग्नसराईत ती वरातीस जाई व तिच्यावर त्या घराची चूल पेटे. दुसऱ्याने मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या यात्रेतून एक खच्ची केलेला घोडा विकत आणिला. रात्रभर ट्रकमध्ये उभा राहून आलेला तो प्राणी सकाळी उतरविला आणि मालकाने लागलीच त्यास कुरणात सोडून दिले. फाटकाजवळच्या कोपऱ्यात कडब्याची एकच रास होती. भुकेला घोडा तिच्यावर तुटून पडला. घोडी कान मागे पाडून धावली व तिने त्याच्या मानेस चावा घेतला. त्यास पळावयास वाट नव्हती. त्याने दुगाण्या झाडल्या. मागच्या पायांस लोखंडी नाल होते. घोडीच्या पुढच्या पायाचे हाड मोडले, आणि सायंकाळी पशुवैद्याच्या हातून तिला वेदनांतून सोडवावे लागले.

मग भांडण घोड्यांकडून माणसांकडे आले. एक म्हणे, तुझ्या घोड्याने लाथ मारिली. दुसरा म्हणे, तुझ्या घोडीने आधी चावा घेतला. दोन महिने त्यांपैकी एकही घर प्रभुभोजनास आले नाही. नळावर स्त्रिया एकमेकींस पाहताच पाठ फिरवू लागल्या. तेथील उपदेशकाने आम्हांस विचारिले की, ह्यांत दोष कोणाचा? मंडळीच्या वडिलांसह आम्ही तेथे जाऊन बसलो, व हाच शास्त्रभाग त्यांच्यापुढे उघडला.

वाचकहो, ह्या दोन वचनांत प्रथम शिंग कोणी मारिले असे विचारलेलेच नाही. पशूस तेथे आरोपी केलेले नाही. प्रश्न धन्यास आहे : आपला बैल मारका आहे हे तुला ठाऊक होते काय, आणि ठाऊक असून तू त्यास आवरून ठेविले नाहीस काय? ठाऊक नसेल, तर जिवंत बैल विकून त्याची किंमत दोघांनी वाटून घ्यावी व मेलेलाही वाटून घ्यावा. ठाऊक असेल, तर बैलाबद्दल बैल भरून द्यावा. आमच्या दोघां बंधूंपैकी कोणासही नव्या घोड्याचा स्वभाव ठाऊक नव्हता, हे खरे. परंतु विकणाऱ्यास कोणी विचारिलेही नव्हते. पैसे मोजतेवेळी आम्ही घोड्याचे दात पाहतो, चाल पाहतो. तो इतर घोड्यांत कसा राहतो हे विचारावयास मात्र विसरतो.

घोडा हा कळपाचा प्राणी आहे. कळपात कोणी आधी खावे, कोणी बाजूस सरावे, हे ठरलेले असते, आणि नवा आला की ते सारे पुन्हा ठरवावे लागते. बहुतेक वेळी हे काम धमकीवरच भागते. आधी कान मागे पडतात, मग मान पुढे येते, मग पाठ फिरते, मग एक पाय उचलला जातो. दुबळा तेवढ्यावर दूर सरला म्हणजे तंटा मिटला. तो सरू शकला नाही, तरच लाथ बसते. म्हणून अरुंद जागा, कोपरा, फाटक व वैरणीची एकच रास ही घोड्यांच्या वैराची खरी ठिकाणे होत. काटेरी तारेचे कुंपण असेल तर ती आणखी एक लाथच समजावी.

स्वित्झर्लंड देशात आवांश येथे सरकारी अश्वशाळा आहे. तेथील पैदाशीचे घोडे खच्ची केलेले नव्हेत, आणि असे घोडे एकत्र सोडणे म्हणजे आग लावणे, असे सर्वत्र मानितात. तरी २००९ साली त्यांपैकी ५ व २०१० साली ८ घोडे एका विस्तीर्ण कुरणात एकत्र सोडून पाहिले. भांडणे पहिल्या तीनचार दिवसांतच झपाट्याने उतरली. मात्र कळपातील क्रम पक्का बसण्यास दोनतीन महिने लागले. आदल्या वर्षी जे कळपात राहिले होते, त्यांचे तंटे कमीच झाले. आमच्याकडे कोणी हे पाहून अंडील घोडे एकत्र सोडू नयेत. तेवढी जागा व तेवढी देखरेख आमच्यापाशी नाही. पण त्यावरून इतके कळते की, बहुतेक वैर अनोळखीपणाचे असते, आणि ओळखीस दिवस लागतात.

तर ज्यांच्याकडे घोडे आहेत त्यांनी असे करावे. नव्या घोड्यास प्रथम काही दिवस शेजारीच, मजबूत लाकडी आडव्यांपलीकडे ठेवावे. एकमेकांस पाहू द्यावे, हुंगू द्यावे. मग जुन्यांपैकी जो शांत असेल तो एकटाच त्याच्याबरोबर सोडावा, व नंतर बाकीचे. सोडण्यापूर्वी नालबंदाकडून मागचे नाल काढून घ्यावे. वैरणीच्या राशी घोड्यांच्या संख्येहून एक अधिक असाव्यात व एकमेकींपासून लांब असाव्यात. पाणीही दोन ठिकाणी असावे. भुकेला घोडा कधीच सोडू नये. झुंज लागलीच तर मध्ये कोणी शिरू नये, लेकरांनी तर नव्हेच. कुंपणाबाहेरून मोठ्याने आवाज करावा, आणि ती थांबली म्हणजे एकास दावे लावून बाहेर काढावे. एवढे करूनही काही घोडे जुळत नाहीत. त्यांस वेगळे, पण एकमेकांच्या दृष्टीस पडतील असे ठेवावे. अब्राम व लोट हे चुलता-पुतणे होते, तरी दोघांचे कळप त्या देशात मावेनात, तेव्हा अब्रामाने निवड पुतण्यास देऊन आपण बाजूस झाला. त्यास कोणी प्रीतिहीन म्हटले नाही. एका छपराखाली दाटून भांडणाऱ्या आमच्या काही कुटुंबांनी तो अध्याय सावकाश वाचावा.

आणि हे आम्हां उपदेशकांसही लागते. दुसऱ्या गावाहून नवे कुटुंब आले की आम्ही त्यास पहिल्याच रविवारी सर्वांपुढे उभे करितो, भजनाचे वा हिशेबाचे काम त्याच्या हाती देतो, आणि जुन्यांची तोंडे उतरली म्हणजे त्यांच्या अंतःकरणाच्या कठीणपणावर उपदेश करितो. फाटक कोणी उघडले होते, हे आम्ही आम्हांस विचारीत नाही.

त्या दिवशी बोलणे रात्रीपर्यंत चालले. नव्या घोड्याच्या मालकानेच शेवटी म्हटले की, मी त्यास तसा सोडावयास नको होता. दुसरा काही वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, कडब्याची रास तेथे मीच घातली होती. घोडा विकू नये. लग्नसराईत तो दोघांनी न्यावा व भाडे अर्धे अर्धे घ्यावे, दुसरी घोडी घेता येईपर्यंत, असे ठरले. फाल्गुनात ती घोडी आली. आम्ही गेलो तेव्हा ती आडव्यांपलीकडे उभी होती व घोडा तिचे नाक हुंगीत होता. फाटक अजून उघडू नका, असे सांगावयास आम्ही तोंड उघडले, तोच दोघेही एकदम म्हणाले, "अजून चार दिवस आहेत."