संभाव्यता

बँकेत दुसऱ्यांचे पैसे मोजून मोजून आपल्याला गणित येते, असा माझा एक प्रामाणिक गैरसमज आहे. परवा दहावीतल्या चिरंजिवांनी तो तपासायला घेतला.

"बाबा, शून्य ते नऊ अशा दहा चिठ्ठ्या. सात येण्याची संभाव्यता किती?"

"दहात एक," मी रुबाबात म्हणालो.

"मग रुपयाला किती द्यावेत?" हा प्रश्न पुस्तकातला नव्हता. गॅलरीत आमचाच पेपर वाचत बसलेल्या नानांचा होता. नाना लालबागचे जुने गिरणी कामगार, चौथी नापास.

"दहा."

"मटकेवाला नऊ द्यायचा!"

मग नानांनी तास घेतला. आधी न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडा लागे. 1961 साली ते बंद झाले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या, पुढे पत्ते आले. तीन आकड्यांची पत्ती. क्रम सोडला तर अशा पत्त्या 220. बेरजेच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे वाटल्या, तर प्रत्येकाला बरोबर 22! चिरंजिवांनी मांडून पाहिले. बरोबर निघाले.

"पोराला काय शिकवताय?" स्वयंपाकघरातून आवाज.

"गणित!" आम्ही तिघे एकदम.

"नाना, रुपयामागे दहा पैसे जाणार हे कळत होतं, तरी लावायचात?"

"पगारातून घर होण्याची शक्यता शून्य होती रे. शून्यापेक्षा दहात एक मोठा."

मला उत्तर सुचले नाही. उपदेश मात्र सुचला. "नाना, नशिबाचं खरं नाही. कष्टाचं तेच आपलं."

नानांनी पेपरची घडी घातली. "1982 च्या संपात गिरणी गेली. जमिनीवर टॉवर आले. कामगारांचा घरांवर हक्क, असं ठरलं. 2012 साली 6,925 घरं निघाली, अर्ज लाखाच्या वर. वाटली कशी? सोडत! माझा आकडा अजून लागायचाय."

सोडतीत वशिला नाही, सर्वांना सारखी संधी. पण माझ्या काउंटरवर शंभर खातेदार उभे, तिजोरीत पाचांपुरतेच पैसे, आणि मी चिठ्ठ्या टाकल्या, तर त्याला निष्पक्षपणा कोण म्हणेल? बक्षिसाची सोडत काढावी. देण्याची कशी काढायची?

"बाबा, ज्याचं देणं आहे त्याला ते मिळण्याची संभाव्यता किती?"

पुस्तकाप्रमाणे उत्तर एक. नाना माझ्याकडे बघत होते.

"शेवटच्या पानावर उत्तरं असतात," मी म्हणालो, "तिथे बघ."