बाळंतिणीची विचारपूस

बाळंतिणीला भेटायला गेलो की आपण काय विचारतो? मुलगा की मुलगी, वजन किती भरले, दूध पुरते का, रात्री झोपू देते का. बाळाला झबले-टोपडे देतो, हातावर पैसे ठेवतो आणि घरी येतो. बाळाची आई कशी आहे हे विचारायचे राहूनच जाते. विचारलेच तर 'बरी आहेस ना?' असे विचारतो. त्या प्रश्नात उत्तरही आपणच घालून ठेवलेले असते.

प्रसूतीनंतर पहिले काही दिवस उगाच रडू येणे, जीव घाबरणे हे पुष्कळ जणींच्या बाबतीत घडते आणि आपोआप ओसरते. परंतु दोन आठवडे उलटले तरी उदासी जात नाही, बाळ झोपले तरी आईला झोप येत नाही, बाळाकडे पाहावेसे वाटत नाही, आपण वाईट आई आहोत असे सारखे वाटते, तेव्हा तो आजार असतो. त्याला प्रसूतीनंतरचे नैराश्य म्हणतात. त्यात तिचा दोष नसतो, आणि तो उपचाराने बरा होतो.

आपल्या शेजारच्या गोव्यात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २७० मातांची पाहणी केली होती. सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतील २३ टक्के मातांना हे नैराश्य असल्याचे आढळले. गरिबी, पतीशी बिघडलेले संबंध आणि मुलाची आस असताना झालेली मुलगी, ही त्यामागची ठळक कारणे होती. पुढे तेथील मातांशी सविस्तर बोलल्यावर असे दिसले की, आपल्याला त्रास होतो आहे हे त्या जाणत होत्या, पण त्याला आजार मानत नव्हत्या. 

आपल्या घरातली लेक निदान माहेरी असते. परक्या मुलखातल्या आईचे काय? दसरा-दिवाळीनंतर बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड कामगार सातारा-सांगलीच्या फडात उतरतात. त्यांत तांड्यावरच्या, घरी गोरमाटी बोलणाऱ्या बंजारा स्त्रिया असतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल फिटायची असते, खाडा पडला की पैसे कापले जातात. अशा वेळी कोपीत बाळंत झालेल्या बाईला सव्वा महिना कोण देणार? आशाताई नवजात बाळासाठी पहिल्या ४२ दिवसांत सहा-सात वेळा घरी येतात, पण चार महिन्यांसाठी आलेल्या बाईचे नाव त्या यादीतून सहज सुटते.

आणि हे परकेपण आपल्याला काही नवीन नाही. खानापूर, आटपाडी, माण, खटाव या तालुक्यांतील कितीतरी कुटुंबे गलाईच्या धंद्यासाठी केरळ, तामिळनाडूपर्यंत गेली आहेत. तिथे आपलीच एखादी सून दुकानावरच्या खोलीत तान्हे घेऊन बसलेली असते. शेजारणीची भाषा तिला येत नाही, डॉक्टरांपुढे तिच्या वतीने नवराच बोलतो. तिची कुणी विचारपूस करावी असे आपल्याला वाटते. मग आपल्या दारच्या फडातील आईची कुणी करावी?

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. दुसऱ्यांच्या चालीरीतींचा मान राखणे म्हणजे नेमके काय? काही जण जातात आणि 'ही अंधश्रद्धा सोडा' म्हणून सुरुवात करतात. बाई तिथेच मिटून जाते. काही जण 'त्यांची रीतच वेगळी' असे म्हणून लांब राहतात. आम्हांला वाटते, पहिल्यात उद्धटपणा आहे, आणि दुसऱ्यात आदराच्या नावाखाली टाळाटाळ आहे. मान राखायचा तो त्या आईचा. रीत तिला आधार देत असेल तर रीत धरावी. तेल-मालीश, शेक, लाडू, बाळंतिणीला एकटे न सोडणे, यांत आपल्या आज्यांचे शहाणपण आहे. पण तीच रीत 'दृष्ट लागली' म्हणून तिला उपचारापासून अडवत असेल, तर मीठ-मोहऱ्या उतरू द्याव्यात आणि दवाखान्यातही न्यावे. दोन्हींचे भांडण लावण्याची गरज नाही.

विचारण्याचीही एक रीत असते. एडिंबरो येथे १९८७ साली या आजाराच्या तपासणीसाठी दहा प्रश्नांची एक यादी तयार झाली. जगभर ती वापरतात. पण तिच्यातही इंग्रजी वळणाची वाक्ये आहेत, शब्दाला शब्द ठेवून ती मराठीत आणली तर अर्थच लागत नाही. आपल्याकडची बाई 'मी निराश आहे' असे म्हणत नाही. 'डोके जड झाले', 'अंगात त्राण नाही', 'कशात जीव रमत नाही' असे म्हणते. तेच ऐकावे. भाषा वेगळी असेल तर तिच्याच भाषेची एखादी जाणती बाई सोबत घ्यावी. नवरा किंवा सासू दुभाषी झाली तर खरे दुःख ओठांवर येणार नाही. जिवाचे काही बरेवाईट करावेसे वाटते का, हेही हळुवारपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मनात येत नाही, उलट ओझे हलके होते. आणि ऐकलेले गावभर करू नये.

त्यानंतर तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात सोबत न्यावे. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत सल्ला मिळतो, मराठीतही मिळतो. अंगावर पाजणाऱ्या आईलाही डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घेता येते. ती असंबद्ध बोलू लागली, भास होऊ लागले किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याची भीती वाटली, तर मात्र तिला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तिथेही तीन वर्षांखालील मुलाला सहसा आईपासून तोडत नाहीत.

रूथची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. परदेशातून आलेली ही सून बेथलेहेमात बाळंत होते. शेजारणी जमतात, नामीचे अभिनंदन करतात, रूथचेही कौतुक करतात आणि बाळाचे नावही ठेवतात. पण त्या शेवटच्या अध्यायात रूथच्या तोंडी एकही शब्द नाही. तिला कसे वाटत होते, ते आपल्याला कळतच नाही.

पुढच्या वेळी बाळ पाहायला जाऊ, तेव्हा आधी आईजवळ बसू या. फडातल्या कोपीतही जाऊ या.