लंगडा पाय आणि सरळ वाट

शास्त्रपाठ : इब्री लोकांस पत्र १२:१-१३



इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा बारावा अध्याय आपण बहुधा पहिल्या दोन वचनांपुरताच वाचतो. साक्षीदारांचा मेघ, समोरची धाव आणि येशूकडे लावलेली दृष्टी एवढे झाले की उपदेशक आणि शब्बाथ शाळेचा शिक्षक दोघेही शास्त्र मिटतात. परंतु ज्यांना धावता येत नाही त्यांनाही पत्रलेखक विसरलेला नाही. बाराव्या व तेराव्या वचनांत तो थकून खाली आलेल्या हातांकडे आणि बळ गेलेल्या गुडघ्यांकडे वळतो. त्यांना पुन्हा उभे करा, असे तो सांगतो. पुढे तो म्हणतो की पावलांसाठी वाट नीट करा, म्हणजे अधू झालेला अवयव आणखी निखळणार नाही, तर बरा होईल. आज आम्ही हे वचन अगदी शब्दशः, पायाविषयी म्हणून, वाचू इच्छितो. पाय समजला तर मंडळीही समजेल.

आपल्या प्रत्येक मंडळीत जुनी इजा झालेले कोणी ना कोणी असतेच. कोणी दुचाकीवरून पडलेले, कोणी न्हाणीघरात घसरलेले, कोणी तरुणपणी खेळताना गुडघा मुरगळलेले. प्लास्टर निघून वर्षे लोटली, हाड सांधले, पण पायात पूर्वीचे बळ आले नाही. जिना उतरताना कठड्यावरचा हात सुटत नाही. प्रथम गुडघे टेकणे बंद होते, मग वरच्या मजल्यावरची घरगुती प्रार्थनासभा बंद होते, आणि पुढे उपासनेला येणेही कमी होते. “आता हा पाय असाच राहायचा,” असे ते माणूस म्हणते, आणि आपणही मान डोलावतो. असे म्हणण्यास खरोखर आधार आहे काय?

बळ का जाते?

गुडघा दुखावून सुजला की शरीर मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूला आवर घालते. मज्जातंतूंचा हुकूम त्या स्नायूपर्यंत पुरा पोहोचत नाही. सांध्याच्या रक्षणासाठी तेवढ्या वेळेपुरते हे योग्यच असते. पण दुखणे ओसरले तरी तो स्नायू पुष्कळदा आपण होऊन जागा होत नाही. दरम्यान चांगला पाय सगळा भार उचलायला शिकतो आणि अधू पाय मागे राहायला शिकतो. दोन्ही मांड्यांभोवती, गुडघ्यापासून सारख्या अंतरावर, टेप धरून पाहिली तर फरक कित्येकदा वर्षांनंतरही दिसतो. म्हणजे केवळ विश्रांतीने गेलेले बळ परत येत नाही. ते वापरानेच येते.

दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांचे पाय पाहून अमेरिकन सैन्यातील डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी हेच ओळखले. सैनिकांच्या अशक्त पायांना त्यांनी मोजून वजन लावले आणि बळ वाढेल तसे ते वाढवीत नेले. हा अनुभव त्यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केला. आजच्या उपचारपद्धतीचा पाया त्याच विचारावर आहे. वयाची सबबही फारशी टिकत नाही. १९९० मध्ये बोस्टन येथील एका अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी नव्वद वर्षे वयाच्या वृद्धांनी आठ आठवडे पायांचा व्यायाम केला. त्यांचे बळ दुपटीहून अधिक झाले, आणि दोघांनी हातातील काठी सोडली. पण व्यायाम थांबल्यावर चारच आठवड्यांत त्यांचे सुमारे एक-तृतीयांश बळ ओसरले, हेही तेथेच नोंदले आहे. मान्न्याप्रमाणे हे बळ साठवून ठेवता येत नाही.

सरळ वाट कोणती?

इजा जुनी असली तरी पहिले पाऊल डॉक्टरांकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे टाकावे. गुडघा अडकत असेल, अचानक दगा देत असेल, नव्याने सुजला असेल, पायाला बधिरपणा येत असेल, तर घरच्या घरी व्यायाम सुरू करू नये. पोटरी एकाएकी सुजून गरम व दुखरी झाली तर त्याच दिवशी दाखवावे.

त्यांनी होकार दिल्यावर आरंभ लहान असावा. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची घडी ठेवावी, मांडी आवळून ती घडी खाली दाबावी आणि पाच अंक मोजून सोडावी. असे दहा वेळा करावे. मग पाठीवर निजून, चांगला गुडघा वाकवून, अधू पाय सरळ ठेवून दुसऱ्या गुडघ्याच्या उंचीपर्यंत उचलावा आणि सावकाश खाली आणावा. हे जमू लागले की खुर्ची भिंतीला टेकवून तिच्यावरून उठण्याबसण्याचा व्यायाम घ्यावा. आरंभी बैठकीवर उशी ठेवून ती उंच करावी, पुढे उशी काढावी. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलल्या म्हणजे पोटऱ्यांना बळ येते. शेवटी एखाद्या बुटक्या पायरीवर चढउतार करावी. श्वास कोंडून धरू नये. हा बळ वाढवण्याचा व्यायाम आठवड्यातून दोनतीन दिवस, मध्ये एकेक दिवस विसावा देऊन करावा. दहा वेळा सहज होऊ लागले की थोडेच वाढवावे, आणि एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. जिन्यावर मात्र चढताना चांगला पाय आधी व उतरताना अधू पाय आधी, हा नियम बळ येईपर्यंत पाळावा.

पहिल्या काही आठवड्यांत मांडी जाड झालेली दिसत नाही. त्या काळात स्नायू हुकूम ऐकायला पुन्हा शिकत असतो. येथेच पुष्कळजण कंटाळून सोडतात. अकराव्या वचनात शिस्तीविषयी लेखक काय म्हणतो ते आठवावे. शिस्त लागते त्या वेळी ती गोड वाटत नाही. फळ मागाहून येते, आणि तेही सरावाने वळण लागलेल्यांना. तेथे वापरलेला ग्रीक शब्द व्यायामशाळेतलाच आहे.

दुखणे हा पहारेकरी

दुखले की लगेच सोडावे काय? की दात-ओठ खाऊन रेटावे? दोन्ही टोके धोक्याची आहेत. वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात १९४६ पासून सेवा केलेले डॉक्टर पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांचे हातपाय जवळून पाहिले. संवेदना गेलेली ती माणसे जखमी पावलावर तसाच भार देत चालत, कारण त्यांना थांबवणारे दुखणेच उरले नव्हते. वेदना ही देवाची देणगी आहे, हे डॉक्टर ब्रँड आयुष्यभर सांगत राहिले.

म्हणून पहारेकऱ्याचे ऐकावे, पण त्याच्या प्रत्येक हाकेने घर सोडून पळू नये. व्यायामानंतर स्नायू थोडे ठणकले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पाय पूर्ववत झाला, तर वाट बरोबर आहे. सकाळी दुखणे अधिक असेल वा गुडघा सुजला असेल, तर मागच्या पायरीवर यावे आणि तेथे काही दिवस थांबावे. व्यायाम करताना तीक्ष्ण कळ आली तर तेथेच थांबावे. मागच्या पायरीवर येणे म्हणजे हार नव्हे.

जो पाय बरा होत नाही

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. सर्वच पाय पूर्ववत होत नाहीत. सुंदर नावाच्या दरवाजापाशी बसलेल्या मनुष्याची पावले व घोटे तत्काळ बळकट झाले, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या तिसऱ्या अध्यायात आहे. पण पाच वर्षांचा असताना दाईच्या हातून पडलेला मफीबोशेथ अखेरपर्यंत लंगडाच राहिला, आणि तसाच राजाच्या पंक्तीला नित्य जेवला. याकोबाला आशीर्वाद मिळाला त्याच रात्री त्याची जांघ उखळली, आणि सूर्योदयी तो लंगडत पनुएलाहून पुढे गेला. तेव्हा ज्याचा पाय बरा झाला नाही त्याचा विश्वास उणा, असे कोणीही म्हणू नये. असे बोलणे म्हणजे अधू पायाच्या वाटेत दगड टाकणे होय.

वाट कोणी करावी?

मूळ ग्रीक वचनातील आज्ञा अनेकवचनी आहेत, पण अधू अवयव एकवचनी आहे. अधू आहे तो एक; वाट करायची ती सर्वांनी. देहातही असेच असते. एकटा गुडघा बळ मिळवीत नाही. नितंब, मांडी, पोटरी आणि चांगला पाय, सर्वांना त्यात वाटा उचलावा लागतो.

तर मग आपल्या मंदिराच्या पायऱ्यांना कठडा आहे काय? गुडघे टेकू न शकणाऱ्याला प्रभुभोजन त्याच्या जागी, त्याला अवघडल्यासारखे न वाटता, दिले जाते काय? एखाद्या वयस्कर बहिणीच्या घरी आठवड्यातून दोनदा जाऊन, तिच्या खुर्चीजवळ उभे राहून दहा वेळा मोजणारा कोणी तरुण संघात आहे काय? शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हा पाठ घेताना मुलांना एवढेच विचारावे : आपल्या वाटेवर हळू चालणारे कोण आहे, आणि त्याच्यासाठी आपण कोणता दगड उचलू?

मंडळीतील जुन्या दुखापतीही अशाच असतात. कोणी पूर्वी दुखावले गेले आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. त्यांना एकदम सेक्रेटरीचे ओझे देऊ नये, आणि कायमचे बसूनही ठेवू नये. एक शास्त्रपाठ वाचायला द्यावा, एक भेट द्यायला सांगावे, मग दुसरी. बळ येईल तसे काम वाढवावे.

ज्या प्रभूने अठरा वर्षे वाकलेल्या स्त्रीला सरळ उभे केले, तो आपल्या अधू पावलांना धीर देवो, आणि बळकट पावलांना थांबायला शिकवो. आमेन.