न तुटलेल्या बेल्टची गोष्ट

गेल्या वर्षी मी एक जुनी डिझेल गाडी घेतली. माझ्यासाठी नाही, बाबांसाठी. मी पुण्यात कोड लिहितो, बाबा आशागडला चिकूची वाडी बघतात. डहाणूला बाजारात जायचं, कधी चारोटीला हायवेवर यायचं, चैत्रात महालक्ष्मीच्या यात्रेला पाहुणे आले की त्यांना न्यायचं, एवढंच काम. गाडी नऊ वर्षांची, मीटरवर ९२ हजार किलोमीटर, आणि मी तिसरा मालक.

पहिल्याच ऑइल चेंजला मेकॅनिकने विचारलं, "दादा, टायमिंग बेल्ट कधी बदललाय?"

मी आधीच्या मालकाला फोन केला. तो म्हणाला, "बदलला असेल." त्याच्याही आधीचा मालक सापडला नाही. बिल नाही, नोंद नाही.

ज्यांनी कधी बॉनेट उघडलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिनात पिस्टन वरखाली होतात आणि व्हॉल्व्ह उघडझाप करतात. दोघांची वेळ जुळवून ठेवतो तो दातेरी रबरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. सगळ्या गाड्यांत तो नसतो. जुन्या सँट्रोत बेल्ट होता, स्विफ्टच्या १.३ लिटर डिझेल इंजिनात साखळी. आमच्यासारख्या इंजिनात चालत्या गाडीत बेल्ट तुटला, तर वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात आणि गाडी जागच्या जागी बंद पडते. रबर नुसतं उभ्या गाडीतही जुनं होतं. म्हणून कंपन्या दोन मर्यादा देतात, किलोमीटरची आणि वर्षांची. जी आधी संपेल ती धरायची.

किट, वॉटर पंप आणि मजुरी धरून खर्च तेवीस हजार. बेल्ट तुटलाच तर लाखाच्या घरात. मी सवयीने एक्सेल शीट उघडली. तुटण्याची शक्यता गुणिले नुकसान. पण शक्यतेच्या रकान्यात लिहायचं काय? मी ५ टक्के लिहिलं. खरं सांगायचं तर ५ टक्के लिहिलं की उत्तर 'थांब' असं येत होतं, म्हणून लिहिलं. बाबाही म्हणाले, "चालतेय ना? मग उगाच कशाला उघडायची?" आमच्या ऑफिसातही हाच नियम आहे: चालत्या कोडला हात लावायचा नाही.

जुलैमध्ये एका रात्री दीड वाजता शेजारच्या काकांच्या सुनेला कळा सुरू झाल्या. पाऊस मुसळधार होता. बाबांनी गाडी काढली आणि वहिनीला डहाणूच्या दवाखान्यात पोचवलं. पहाटे मुलगी झाली. सकाळी बाबांनी फोनवर सांगितलं तेव्हा मला खूप आनंद झाला, आणि मग पोटात गोळा आला.

काहीच वाईट घडलं नव्हतं. मग गोळा कशाचा?

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं आहे, दुरुस्ती हवी, हे त्याला आतून कळतंय. पण खर्च नको म्हणून तो मनाची समजूत घालतो: इतक्या सफरी नीट झाल्या, हीही होईल. जहाज बुडतं. तो दोषी आहे हे आपण लगेच मान्य करतो. पण क्लिफर्ड पुढे विचारतो, जहाज सुखरूप पोचलं असतं तर? त्याचं उत्तर असं, की तरीही तो तितकाच दोषी. फक्त ते कुणाला कळलं नसतं.

माझं जहाज पोचलं होतं.

यावर एक रास्त आक्षेप आहे. असंच म्हणत गेलो तर गाडीतला प्रत्येक पार्ट बदलत बसावं लागेल, आणि तेवढे पैसे कुणाकडे असतात? खरं आहे. पण सगळे पार्ट सारखे नसतात. ब्रेक पॅड झिजले की किरकिरतात, क्लच घसरतो, टायर डोळ्यांना दिसतो. त्यांच्यासाठी थांबता येतं. बेल्ट कव्हरच्या आत असतो आणि बहुतेकदा काहीही न सांगता तुटतो. जे आधी सांगत नाही, त्याच्या बाबतीत 'आजवर चाललं' हा पुरावा नसतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. दोन एसटी बस आणि इतर वाहनं वाहून गेली. त्या रात्रीपर्यंत पुलावरून रहदारी चालू होती. आणि बसमधल्या प्रवाशांना पुलाबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं.

माझ्या शीटमध्ये हाच रकाना नव्हता. नुकसान म्हणून मी फक्त माझे पैसे धरले होते. मागच्या सीटवर कोण बसेल, हे धरलंच नव्हतं. वहिनीला बेल्टबद्दल काही माहीत नव्हतं. मला होतं. निदान आपल्याला माहीत नाही, एवढं तरी पक्कं माहीत होतं. मेकॅनिकने प्रश्न विचारला त्या दिवशीच माझं अज्ञान संपलं होतं. पुढे मी करत होतो तो कानाडोळा.

म्हणून जुन्या गाडीचा बेल्ट कधी बदलायचा, याचं माझं उत्तर आता सोपं आहे. नोंद असेल तर नोंदीप्रमाणे. नोंद नसेल तर तो बदललेलाच नाही असं धरायचं.

ऑगस्टमध्ये बेल्ट बदलला. जुना हातात घेऊन बघितला. एकही चीर नव्हती, दाते शाबूत होते. मेकॅनिक म्हणाला, "अजून वर्षभर चाललाही असता." बाबांनी माझ्याकडे बघितलं. तेवीस हजार वाया गेले का? ते आता कधीच कळणार नाही, आणि या प्रकारच्या खर्चाला हे मान्य करूनच हात घालावा लागतो.

निघताना मी मेकॅनिककडून मार्कर मागून घेतला. बॉनेटच्या आत एका पट्टीवर तारीख आणि किलोमीटर लिहिले. उद्या ही गाडी चौथ्या मालकाकडे जाईल. त्याला कुणी विचारलं तर त्याला "बदलला असेल" असं म्हणावं लागू नये.